कपाळ आणि गुडघा

नवव्या दिवशी गुडघा खाजायला लागला.
मी कोणाला सांगितलं नाही.
दोन लाख ऐंशी हजारांचा गुडघा,
त्याने एवढ्यात कुरकुर करावी
हे माझं मलाच बरं दिसेना.

रात्री उशीला टेकून फुंकर घालत बसले.
वाकता येत नव्हतं,
फुंकर मांडीपर्यंतच पोचायची.

टाके नाहीत, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं.
नणंदेला फोनवर, जिन्यात दाभोळकर बाईंना.
टाके नाहीत हो, नुसती जाळी आणि वरून गोंद,
आपोआप सुटून येते म्हणे
कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

अकराव्या दिवशी फोड आले.
जाळी जेवढी, तेवढ्यातच.
पट्टीने आखल्यासारखी लाल चौकट,
चौकटीबाहेरची कातडी अगदी शहाण्यासारखी,
जणू शेजारच्या घरातलं भांडण.

पू झाला असेल तर पुन्हा उघडावा लागेल,
हे कोणी बोललं नाही.
पण तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली
तेव्हा सुहृदने माझ्याकडे न बघता
माझी काठी घट्ट धरली होती.

डॉक्टर टिपणीसांनी वाकून पाहिलं,
कडेने दाबलं, तापाचं विचारलं,
मग चष्मा वर सरकवून म्हणाले,
पू नाही. गोंद मानवला नाही तुम्हाला.

मानवला नाही.
कोणाला दूध मानवत नाही, कोणाला सून.

याआधी कशाची अ‍ॅलर्जी?

हे भरती होतानाही विचारलं होतं.
सिस्टर जिन्सीने फॉर्मवर पेन टेकवून,
औषधाची? कोळंबीची? शेंगदाण्याची?
तिन्ही वेळा नाही म्हटलं मी, आणि ते खरंच होतं.
टिकलीचं तिने विचारलं नाही.

वागळे इस्टेटीत, पत्र्याखाली,
आम्ही अकरा बायका टिकल्या कार्डावर लावायचो.
मरून, मखमली,
शंभर कार्डांना साडेचार रुपये.
वाकडी निघेल ती आपल्या कपाळाची.
चौतिसाव्या वर्षी टिकलीखाली पांढरा डाग आला,
मसुराच्या दाण्याएवढा.
सासूबाई म्हणाल्या, कोड.
तेवढंच म्हणाल्या,
आणि दुसऱ्या दिवसापासून माझं ताट
मांडणीच्या खालच्या फळीवर गेलं.

मी डागावर मोठी टिकली लावली.
डाग वाढला.
मी त्याहून मोठी लावली.
कातडी ओरडून सांगत होती
आणि मी तिच्या तोंडावर
तेच चिकटवत होते, एकोणीस वर्षं.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, टिकलीने इथे असं झालं होतं.
त्यांनी मोबाईलचा दिवा लावून
कपाळ पाहिलं, गुडघा पाहिला तसंच, सावकाश.
म्हणाले, हे कोड नाही.
तो गोंद वेगळा, हा वेगळा,
एकाचा दुसऱ्याशी संबंध असेलच असं नाही,
पण सांगायला हवं होतं.

कोणाला, ते मी विचारलं नाही.

जिन्सीने तेलाचे बोळे कडेकडेने दाबले.
जाळी इंचाइंचाने निघाली,
लव ओढत, चर्र आवाज करत.
खाली शिवण दिसली, सरळ, बारीक, मिटलेली.
बिचारीचा काहीच दोष नव्हता.
फाईलच्या पहिल्या पानावर
लाल शाईत दोन ओळी लिहिल्या गेल्या.
माझ्या नावाच्या अगदी खाली.

घरी आल्यावर सुनेला म्हटलं,
मांडणीच्या खालच्या फळीवर ताट आहे, काठाला पोचा आलेलं,
ते वर ठेव. इतरांच्यात.
तिने कारण विचारलं नाही,
विचारलं असतं तर सांगितलं असतं की नाही, कोण जाणे.

मलम दिवसातून दोनदा.
फिजिओचा पोरगा उद्यापासून परत येणार,
नव्वद अंशांचं बोलणार.

खाज आणखी आठवडाभर होती.